विलायतेतील 'पायाचे वर्ष' आणि आमची मुले

इंग्लंड व वेल्स येथील पुष्कळ विद्यापीठांनी सूक्ष्मजंतुशास्त्राच्या पदवीला सुरुवातीस एक जादा वर्ष जोडले आहे. पदवीचा नेहमीचा अभ्यास तीन वर्षांचा. परंतु ज्याने शाळेत रसायन वा जीवशास्त्र घेतले नाही, घेतले पण गुण कमी पडले, किंवा जो शाळा सोडून दहा वर्षे कारखान्यात नाहीतर दुकानात राबला आणि आता शिकू म्हणतो, त्याच्या तोंडावर दार न लावता त्याला एक वर्ष आधी आत घेतात. या वर्षाला तिकडे 'फाउंडेशन इयर' म्हणतात. आम्ही त्याला पायाचे वर्ष म्हणू. ते नेमून दिलेल्या गुणांनी पार पडले की विद्यार्थी त्याच पदवीच्या पहिल्या वर्षात जातो, पुन्हा नव्याने अर्ज घेऊन रांगेत उभा राहत नाही. ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून आज तिच्यावर लिहितो.

या वर्षात काय शिकवितात? पेशी म्हणजे काय, आम्ल व अल्क कशास म्हणावे, द्रावण किती तीव्र करावे, सूक्ष्मदर्शक कसा लावावा, प्रयोगाची टिपणे कशी ठेवावी. गणितही शिकवितात, आणि ते उगाच नव्हे. पोषक जागा व ऊब मिळाली तर आतड्यातील एक साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, असे दहा तास चालले तर तीस वेळा दुप्पट होऊन त्या एकाचे १०७ कोटींवर जंतू होतात. उन्हाळ्यात सकाळचे दूध न तापविता ठेवले तर संध्याकाळी का नासते, ते या हिशेबात आहे. हा हिशेब ज्यास मांडता येत नाही त्याला हे शास्त्र पुढे कळावयाचे नाही. आणि तो एका वर्षात शिकविता येतो, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल, विलायतेतल्या जंतूंच्या विद्येशी नांगरधाऱ्याला काय कर्तव्य? वाचकहो, या विद्येचा कच्चा माल तुमच्याच घरात आहे. रात्री दुधाला विरजण लावणारी बाई जंतू पाळते. मुरघासाचा खड्डा दाबून हवाबंद करणारा शेतकरी एका जातीच्या जंतूंना कोंडतो व दुसऱ्या जातीच्या जंतूंना वाढवितो. अंबाडी पाण्यात कुजत घालून वाख काढणारा, निळीचा माठ आंबविणारा रंगारी, कातडे कमावणारा, हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या याच अदृश्य मजुरांकडून काम करून घेत आले. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत राहून हवेतला नत्र पिकाच्या उपयोगी आणणारा जंतू १८८८ साली हॉलंडातील बायेरिंक याने वेगळा काढून दाखविला. आज कृषी केंद्रावर जिवाणू खताचे पुडके मिळते ते त्याच शोधाचे नातवंड. जनावरांचा फऱ्या व घटसर्प हे जंतूंचेच रोग. लाळ-खुरकूत आणि २०२२ साली गोठेच्या गोठे हवालदिल करणारा लंपी, हे त्याहूनही सूक्ष्म अशा विषाणूंचे. काम आमचे, नुकसान आमचे, आणि त्यामागचे कारण सांगणारी विद्या मात्र दुसऱ्याची, असे किती दिवस चालावे?

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर तो बड्या घराण्यांचा नाही. पहिल्याने जंतू पाहिले ते हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याने, १६७० नंतरच्या दशकात. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी त्याने चढली नव्हती. भिंगे स्वतः घासून त्याने आपले शोध आपल्या डच बोलीत पत्रांतून कळविले, आणि १६८० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. तुझी पत्रे लॅटिनात नाहीत म्हणून परत घे, असे त्या विद्वानांनी म्हटले नाही. त्यांनी भाषांतर करवून घेतले. पुढे जर्मनीत कॉख याच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत, ते उबेने पातळ होई. त्यावर उपाय सुचविला फॅनी हेसे या बाईने. ती मुरांबे व जेली घट्ट करण्यास समुद्री शेवाळापासून काढलेले अगर वापरीत असे. आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत जा, जंतू त्या स्वयंपाकघरातल्या अगरावरच वाढविलेले दिसतील. कॉखने १८८२ साली क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगराचा उल्लेख केला, बाईचा नाही! कष्टकऱ्याची युक्ती घ्यावी व नाव गाळावे, ही चाल केवळ आमच्याच देशात आहे असे नाही तर.

आणि लुई पाश्चर? कातडे कमावणाऱ्याचा मुलगा. विज्ञानाच्या शालान्त परीक्षेत रसायनातच त्याचे गुण सामान्य होते. १८४२ साली पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या परीक्षेत तो उतरला, पण क्रमांक खालचा लागला. म्हणून त्याने प्रवेश घेतला नाही. एक वर्ष पुन्हा तयारी केली, आणि १८४३ साली वरच्या क्रमांकाने आत गेला. ज्याने पुढे आंबण्याच्या क्रियेचे मर्म सांगितले, रेशमाच्या किड्यांच्या रोगातून फ्रान्सच्या कारागिरांना मार्ग दाखविला, १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस दिली, त्या पुरुषालाही एक वर्ष जास्त लागले. लायकीच्या नावाने उठल्यासुटल्या ओरड करणाऱ्या पंडितांनी त्या वर्षाला काय नाव द्यावे, ते ठरवावे.

पायाच्या वर्षास आमचा पाठिंबा आहे तो एवढ्याचसाठी. मुलगा मागे पडला तो बुद्धीने, की ज्या शाळेत तो वाढला तेथे सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद होता म्हणून, हे परीक्षेचा आकडा सांगत नाही. एक वर्ष शिकविल्यावर मग सांगतो.

परंतु तिकडचे सगळेच गोड आहे असे समजू नका. त्या वर्षाचे पैसे कोणी द्यावयाचे, यावर तेथे मोठा वाद आहे. १९९८ पूर्वी इंग्लंडात आपल्या देशाच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी स्वतःच्या खिशातून फी भरावी लागत नसे. १९९८ साली वर्षाला १,००० पौंडांपर्यंत बसली, २००६ साली ३,००० झाली, २०१२ साली ९,००० झाली, आणि २०२५-२६ साली कमाल फी ९,५३५ पौंड होती. या दराने तीन वर्षांचे २८,६०५ पौंड होतात, चार वर्षांचे ३८,१४०. म्हणजे ज्याची शाळा गरीब, त्याचे कर्ज मोठे! सरकार कर्ज देते हे खरे. २०२३ सालच्या नियमाने कमाई वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेली तरच वरच्या रकमेवर शेकडा ९ प्रमाणे ते वसूल व्हावयाचे, आणि ४० वर्षांनी उरलेले माफ. आमच्या सावकारापेक्षा हे शंभर पटींनी बरे. तरीही गवंड्याच्या मुलाने बॅरिस्टराच्या मुलापेक्षा एक वर्षाचे कर्ज अधिक का डोक्यावर घ्यावे, याचे उत्तर त्यात नाही.

२०१९ साली फिलिप ऑगर यांच्या समितीने शिफारस केली की पदवीला जोडलेल्या अशा वर्षांसाठी सरकारी कर्ज देणे बंद करावे. विद्यापीठे यातून पैसा करतात, हेच शिक्षण साध्या कॉलेजात स्वस्तात मिळते, असे तिचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण पैसा विद्यापीठाने केला आणि वाट विद्यार्थ्याची बंद व्हावी, हा न्याय कोणता? शेवटी सरकारने कर्ज चालू ठेवले, आणि वर्गात बसून शिकण्याच्या विषयांच्या पायाच्या वर्षाची कमाल फी २०२५-२६ पासून ५,७६० पौंडांवर आणली. प्रयोगशाळा लागणाऱ्या शास्त्रांना ही सवलत मिळाली नाही. केंब्रिजने २०२२ साली व ऑक्सफर्डने २०२३ साली अडचणीतून आलेल्या मुलांसाठी असे वर्ष सुरू केले ते मात्र विद्यार्थ्यांकडून फी न घेता. त्या दोन्ही संस्था धनाढ्य, जागा थोड्या. जेथे मजुरांची मुले मोठ्या संख्येने जातात तेथे फी, आणि जेथे बोटांवर मोजण्याइतकी जातात तेथे माफी, असा हा प्रकार आहे.

आता आपल्या घराकडे वळू. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली शेतकऱ्याची मुलगी अकरावी सायन्सच्या वर्गात बसते, तेव्हा एका पावसाळ्यात तिच्या 'पेशी'चा 'सेल' होतो, 'विकरा'चे 'एन्झाइम' होते, 'परासरणा'चे 'ऑस्मॉसिस' होते. तिला परासरण ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते ते तिने हजार वेळा पाहिले आहे. ठाऊक नाही तो शब्द. शब्दासाठी ती गप्प बसते, गप्प बसते म्हणून मागे पडते, मागे पडली म्हणून "सायन्स तुमचे काम नव्हे" असे ऐकते. ही ओळख आमच्या घराघरात आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले होते की सारा भरते रयत आणि त्या पैशावर शिकतात वरिष्ठ वर्ग. शाहू महाराजांनी १९०२ साली नुसत्या जागा राखून ठेवल्या नाहीत. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, कारण जागेपर्यंत पोचण्यास पायरी लागते हे त्यांना कळत होते. आजच्या आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे. तो पार केला की पुन्हा प्रवेशपरीक्षा नाही. म्हणजे कल्पना परकी नाही, तिचा पैस तेवढा तोकडा आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजांत सूक्ष्मजंतुशास्त्राची पदवी शिकवितात. तेथे मराठीतून आलेल्या मुलांसाठी, आणि आर्ट्‌सकडे लोटल्या गेलेल्यांसाठीही, असे एक वर्ष का नसावे? त्याची फी सरकारने भरावी. पहिल्या सहा महिन्यांत मराठी व इंग्रजी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावे. प्रयोगशाळेचे कुलूप रोज निघावे. विद्यापीठाच्या सिनेटात आमच्या मतांवर निवडून गेलेल्यांनी हा ठराव आणावा, आणि न आणल्यास पुढच्या निवडणुकीत त्यांना त्याबद्दल विचारावे.

ही विद्या आमच्या लोकांना कधी मिळाली नसती तर काय झाले असते, ते पुण्याने पाहिले आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगात सापडला होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. शोध आणि वस्ती यांच्यामध्ये जे अंतर असते ते वस्तीतलीच शिकलेली मुले कमी करतात. सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत डॉक्टर होता म्हणूनच त्या माळावर रोग्यांना औषध तरी मिळाले.

एक सावधगिरीची सूचना केल्यावाचून राहवत नाही. 'फाउंडेशन इयर'च्या नावाने परदेशी पाठविणारे दलाल आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. वर सांगितलेली फीची मर्यादा व सरकारी कर्ज ही त्या देशाच्या मुलांसाठी. आपल्या मुलाला ती लागू नाहीत. परदेशी विद्यार्थ्याची फी विद्यापीठ मनास येईल तशी ठरविते, आणि शास्त्राच्या पदवीला ती वर्षाला २०,००० पौंडांच्या पुढेही जाते, राहणे-खाणे वेगळे. शिवाय बारावीला चांगले गुण असतील तर तिकडची अनेक विद्यापीठे सरळ पहिल्या वर्षात घेतात. ज्याला ते वर्ष लागतच नाही त्याला ते विकण्यात दलालाचा फायदा आहे. म्हणून सातबारा गहाण टाकण्याआधी विद्यापीठालाच पत्र लिहून विचारावे की या गुणांवर सरळ प्रवेश मिळतो का. पायाचे वर्ष स्वतः विद्यापीठ चालविते की दुसरी कंपनी. आणि ते पास झाल्यावर पुढची जागा नक्की आहे, की पुन्हा अर्ज करावा लागतो. उत्तर लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नये.