रिकाम्या बाटलीचं माहेर

प्रसिद्धी कुणाला कशी मिळेल याचा नेम नाही. ताडोबाच्या बफर क्षेत्रात, निमढेल्याकडे, एका वाघानं पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात उचलली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती चित्रफीत देशभर फिरली. ‘वाघालासुद्धा कचरा उचलायची अक्कल आहे,’ असं आमच्या घरातही कुणीतरी, आमच्याकडे बघत, म्हणालं.

पण त्याच चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याच्या कपाशीत शिरा, किंवा पलीकडे गडचिरोलीच्या धानात. बांधावर, विहिरीच्या कडेला, बोडीच्या काठावर रिकाम्या बाटल्या पडलेल्या दिसतील. या पाण्याच्या नव्हेत, ‘औषधा’च्या. कीटकनाशकाला आपण औषध म्हणतो. किडीचं मत कुणी विचारलेलं नाही. या बाटल्यांना अजून वाघ भेटलेला नाही, म्हणून त्यांची चित्रफीतही नाही.

यावर शहाण्या माणसांचा उपाय ठरलेला : शेतकऱ्याचं प्रबोधन! प्रबोधन म्हणजे मंडप, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ, आणि व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यापुढे पाण्याची एकेक प्लास्टिकची बाटली. सगळं ऐकून झाल्यावर मागच्या रांगेतला एखादा म्हातारा विचारतो, “समजलं जी सारं. पण हे बाटली नेऊ कुठी?” तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू होतं.

म्हाताऱ्याचा प्रश्न बिनतोड आहे. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की रिकामं डबडं फोडून वस्तीपासून दूर पुरावं. प्लास्टिक पुरलं की ते तिथंच मुक्काम करतं. नातवानं नांगर धरला तरी आजोबांची बाटली वर येते. गंमत म्हणजे हे डबडं सुरक्षितपणे मार्गी लावण्याची जबाबदारी त्याच नियमात फवारणाऱ्याबरोबर कारखानदारावरही टाकलेली आहे. प्रत्यक्षात खड्डा खणायला मात्र एकटा फवारणारा!

पुढं २०२२ मध्ये प्लास्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आली. आम्हाला वाटलं, आता बाटलीला माहेर मिळालं. पण कायद्याला प्रमाणपत्र पुरतं. देशात कुठंही तेवढं प्लास्टिक मार्गी लागल्याचा दाखला विकत घेतला की हिशेब चुकता. आपलीच बाटली न्यायला हवी असं नाही. म्हणजे जेवलं एका घरी आणि खरकटं काढलं दुसऱ्याच्या घरचं!

ब्राझीलनं २००० साली कायदा करून हा घोळच मिटवला. शेतकऱ्यानं बाटली तीनदा विसळून वर्षाच्या आत केंद्रावर द्यायची, विक्रेत्यानं ते केंद्र कुठं आहे ते पावतीवर छापायचं, आणि तिथून पुढं कारखानदारानं न्यायची. तिथं नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात.

“अहो, तिथं हजार हजार एकरांचे मळे. आमचा शेतकरी दोन एकरांचा. तो कसली बाटली परत आणतोय!” असं म्हणणारे भेटतात. दोन एकरवाल्याची अडचण खरी आहे, म्हणूनच केंद्र दूर नको. बियाणं, खत, औषध घ्यायला तो दर हंगामात ज्या कृषी केंद्रात जातो, तिथंच बाटली घ्या आणि तिच्यावर दहा रुपये अनामत ठेवा. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूची रिकामी बाटली दिली की दहा रुपये परत मिळतात. झिंगलेल्या माणसाला जे जमतं ते शुद्धीतल्या शेतकऱ्याला जमणार नाही? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा तिथं तो प्रयोग करता येणार नाही. पण औषधाला बंदी नाही ना!

विसळायचं तर आम्हाला शिकवूच नका. तुपाच्या रित्या भांड्यात भात कालवून खाणारी आपली जात. विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपात गेलं की औषधाचा शेवटचा थेंबही कामी येतो. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात उद्या कुणी गोडं तेल भरणार नाही. आणि ज्या पुड्यांचं पुन्हा काहीच होत नाही, त्यांच्यासाठी कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. असलं प्लास्टिक तिथं जाळायला नियमांची मुभा आहे.

तेव्हा प्रबोधन करायचंच असेल तर दुकानदाराच्या वरच्या माणसाचं करा, आणि कृषी केंद्राच्या पाटीवर ‘बियाणे, खते, औषधे’च्या खाली एक ओळ वाढवा : ‘रिकाम्या बाटल्या परत घेतल्या जातील.’ रंगाऱ्याचे पैसे आम्ही देऊ.