रामगढात बौद्धपुरा कुठे आहे?

१५ ऑगस्ट १९७५ ला आलेल्या 'शोले'चे संवाद आमच्या अकोटात आजही पोरासोरांना पाठ आहेत. ठाकूरच्या कुटुंबाच्या कत्तलीचा प्रसंग मात्र सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) आठवण करून देतो. इटालियन दिग्दर्शकांच्या या काउबॉयपटांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणतात. त्यात सर्वश्रेष्ठ कोणता? बहुतेकांचे उत्तर ठरलेले: लिओनेचाच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६). भव्य आहे, मान्य. पण तिथे तिघेही पुरलेल्या सोन्यामागे धावतात.

माझे मत सर्जिओ कोर्बुचीच्या 'द ग्रेट सायलेन्स'ला (१९६८). गुन्हेगार ठरवलेली उपाशी माणसे बर्फात लपली आहेत आणि इनामासाठी त्यांना मारणारे कायद्याच्या आडून मारतात. नवऱ्याच्या खुनाचा बदला मागणारी पॉलिन कृष्णवर्णीय आहे. शेवटी ती मरते, नायकही मरतो. मारेकरी मात्र सगळे कायदेशीर झाल्याचे सांगून निघून जातो. हे आपल्याला नवीन आहे काय?

आता 'शोले' बघा. रामगढात ठाकूर आहे, इमामसाहेब आहेत, टांगेवाली बसंती आहे. गावकुसाबाहेरची वस्तीच नाही! बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. 'शोले'ने तेच खेडे निष्पाप करून विकले. इथे जुलूम डोंगरातून घोड्यावर येतो, गावातून कधीच येत नाही.

मित्रांनो, भाड्याचा बंदूकवाला कोणाला मुक्त करत नाही. कोर्बुचीने हे लपवले नाही, म्हणून तो श्रेष्ठ.

जय भीम!