जुनी गाडी, गंजकी टाकी

मामंजींची स्टँडर्ड हेराल्ड चेन्नईतल्या अड्यारच्या घरी 14 वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. त्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांना तिच्यातून फिरवून आणायचं, असं ह्यांनी ठरवलं. नवा रंग दिला, क्रोम चकाकलं, सीटना कापड चढलं. वाढदिवसाच्या सकाळी मामंजी ऐटीत बसले आणि समुद्रापर्यंत पोहोचण्याआधीच गाडी आचके देऊन थांबली. कार्ब्युरेटर उघडला, तर आत तांबूस चिखल! मामंजी काही बोलले नाहीत, रिक्षाने घरी आले.

हेराल्ड ही मद्रासचीच लेक. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून ती इथे बनवली. आता कंपनी नाही, सुटे भाग शोधत हिंडावं लागतं. त्यामुळे टाकी वाचवणं भागच होतं.

तुम्ही म्हणाल, बंद टाकीत पाणी शिरतं कुठून? टाकी श्वास घेते. दिवसा तापली की हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की दमट हवा आत येते. रिकाम्या जागेत त्या हवेचे थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साचतं. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर मुख्य पाऊस आणि समुद्राची दमट हवा बारा महिने. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की त्याच्यासह तळाला जाऊन बसतं.

टाकी उतरवल्यावर तळाच्या सांध्याला बारीक भोक दिसलं. एका कारागिराने लगेच गॅसची बत्ती पेटवायला घेतली. ह्यांनी त्याचा हात धरला. पेट्रोल काढून घेतलेली टाकी आतल्या वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षाही घातक असते. ठिणगी पडली की स्फोट. डाग देण्याचं काम टाक्या धुऊन वाफमुक्त करून देणाऱ्या माणसाकडेच द्यावं. आम्ही तसंच केलं.

साफसफाई मात्र घरी जमली. आधी बॅटरीची वायर काढून, उघड्यावर, विडी-काडीपासून लांब सगळं पेट्रोल काढलं. (ते गटारात ओतू नका!) पेट्रोलकाट्याचा तरंगता भाग काढून ठेवला. साबणाच्या पाण्याने टाकी अनेकदा धुतली, पेट्रोलचा वास पार गेल्यावरच आत साखळी घालून हलवली. साखळी अशासाठी, की ती ओढून काढता येते. नट-बोल्ट टाकले तर एखादा आतच राहतो. मग किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, लिटरला साधारण 50 ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवलं. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. सकाळी पाणी काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं.

इथे बहुतेकजण चुकतात. धुतलेला पत्रा उघडा राहिला तर काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. म्हणून चेन्नईच्या उन्हाचा फायदा घेत टाकी कडक वाळवली आणि लगेच आत थोडं इंजिन ऑइल घालून सगळीकडे फिरवलं. आतून लेप देणारी रसायनं मिळतात. पण गंज नीट निघाला नसेल तर तो लेप पापुद्र्यांनी सुटून जेट बुजवतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आता टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. झाकणाचं रबर बदललं, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावला, रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. पंधरवड्यातून एकदा फेरी असतेच. गाडी वर्षभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून, वाळवून, तेल लावून ठेवायची.

फेरीला निघण्यापूर्वी मामंजी चष्मा पुसून फिल्टर निरखतात. तळाशी काही दिसलं नाही, की स्वतःच किल्ली मागतात.