हसू नका, १९३० फिरवा!

सबमिशन संपलं, व्हायवा उरकल्या की हॉस्टेलमध्ये एकच विषय... गोवा! दरवर्षी ठरतो, दरवर्षी निम्मे गळतात, हे काही नवीन नाही. पण मला लिहायचंय ते गोव्याबद्दल नव्हे, तर तिथे पोहोचायच्या आधीच गायब होणाऱ्या पैशांबद्दल. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत मध्येमध्ये इंग्रजी डोकावेल, सांभाळून घ्या!

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे स्वस्तातला व्हिला. फोटो खरे असतात, फक्त घर दुसऱ्याचं असतं. वर "अजून दोन पार्ट्या थांबल्यात, अर्ध्या तासात ॲडव्हान्स टाका" ही घाई. ठगांचं सारं भांडवल म्हणजे ही घाईच. तेव्हा आपण निवांत व्हायचं. गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार हॉटेल-गेस्ट हाउसना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक मागायचा. व्हिडिओ कॉलवर गेट आणि समोरचा रस्ता दाखवायला सांगायचं. पैसे भरताना यूपीआयवर भलतंच नाव आलं तर थांबायचं. आणि "रिफंड पाठवतोय, पिन टाका" म्हटलं की सरळ फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही!

दुसरा भेटतो तो "वेटिंग कन्फर्म करून देतो"वाला. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेलं अकाउंट लागतं आणि पहिली ३० मिनिटं अधिकृत एजंटलाही तत्काळ काढता येत नाही. मग हा कुठून आणणार? दुसऱ्याच्या नावाचं तिकीट गळ्यात पडलं, तर टीसी पकडणार तुम्हालाच.

तिसरी गोष्ट स्कूटरची. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा. चावी घेण्याआधी गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, म्हणजे जुन्या ओरखड्याचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापले जाणार नाहीत.

हे सगळं कळूनही माणूस फसू शकतो, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या नऊ जणांनी व्हिलासाठी १८ हजार भरले. पत्त्यावर गेले तर तिथे साधं राहतं घर! दारातल्या आजी म्हणाल्या, "या महिन्यात आलेले तुम्ही तिसरे." पैसे ज्याने गोळा केले होते, त्याने तक्रार केली दहा दिवसांनी. का? तर विंगमध्ये हसतील म्हणून. आणि तसंच झालं. "म्हणे इंजिनिअर होणार!" हे वाक्य त्याला महिनाभर ऐकावं लागलं. त्याने मात्र मेसच्या पैशांतून प्रत्येकाचे थोडे थोडे परत केले. घरी आजही माहीत नाही.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तिथे लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत बँकेत गोठवता येतात. दहा दिवसांत ते कुठल्या कुठे पोचतात. म्हणजे आपलं हसणं ठगाच्या पथ्यावरच पडतं की नाही?

मित्रांनो, कुणी फसला तर आधी १९३० फिरवा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, बँकेला कळवा. चेष्टा नंतरही करता येते, आणि नाही केली तर उत्तमच! रेक्टर सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. असा मुलगा किंवा मुलगी ऑफिसात आली तर "कशाला गेला होता गोव्याला?" हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, "तक्रार केलीस का?" आणि मेसच्या मेनूशेजारी १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लावून टाका. मेनू तर रोज सगळेच वाचतात!