विहिरीतील बोकड

आजारी मुलांच्या सेवेने मनास समाधान लाभते काय, असे आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीने आम्हांस विचारले आहे. लाभते, पण पहिल्या भेटीत नव्हे.

थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. हा रोग आईबापांकडून वारशाने येतो, स्पर्शाने लागत नाही. तेव्हा जवळ बसण्यास भ्यावयाचे कारण नाही. (आपणांस सर्दी-खोकला असता मात्र जाऊ नये.) खाऊ वाटून छायाचित्रे काढणारे पुष्कळ येतात. उणीव असते ती पुन्हा येणाऱ्यांची.

आम्हीही त्यांत मोडलो. एका मुलास विहिरीत पडलेल्या बोकडाची गोष्ट अर्धी सांगून उरलेली पुढल्या खेपेस सांगण्याचे वचन दिले, आणि सणाच्या गडबडीत ती तारीख चुकविली. पुढे गेलो तेव्हा त्याने तोंड फिरविले. बोकड विहिरीतच राहील म्हणून शेवट त्यानेच रचून शेजारच्या खाटेवरील मुलीस सांगितला होता. आम्ही क्षमा मागितली. बऱ्याच वेळाने, नळी लावलेला हात जपून सावरीत, त्याने तो आम्हांसही ऐकविला. प्रवचन देऊन आम्हांस इतके सुख क्वचितच झाले असेल.

त्याची पुढील तारीख बुधवारी आहे. त्या तरुणीने सकाळच्या मिस्सानंतर आमच्यासोबत यावे.