विश्लेषण : ‘मॉडिफाइड’ गाडी किहीमच्या वाळूत… छंद कुठे संपतो, कायदा कुठे सुरू होतो?

उंच केलेली थार, जाडजूड टायर, छतावर दिव्यांची पट्टी आणि पुढे लोखंडी बंपर. अशी गाडी सुट्टीच्या दिवशी मांडव्याला रो-रो बोटीतून उतरली की ती रायगडच्या कोणत्या ना कोणत्या किनाऱ्याकडे वळणार, हे सांगायला जाणकार लागत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ती शर्यतीच्या जातकुळीची, जमिनीला टेकलेली गाडी होती. पण ‘फोर बाय फोर’ असली म्हणून वाळू वेगळा न्याय देत नाही. गाडीत हौसेने केलेले बदल प्रत्यक्षात किती उपयोगी, किती कायदेशीर आणि किनाऱ्याला किती महाग, याचा हा आढावा.

किहीमचाच विषय का?

किहीम हे अलिबागच्या उत्तरेला, चोंढी नाक्यापासून जवळ असलेले गाव. नारळ-सुरूच्या बागा, लांब किनारा आणि समोर खांदेरी-उंदेरी. पूर्वी मुंबईहून गाडी घेऊन यायचे तर पेण-वडखळचा वळसा आणि तिथली कोंडी ठरलेली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि सुमारे तासाभरात गाडीसह मांडव्याला उतरणे शक्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्याचा प्रवासही कमी झाला. त्यामुळे पर्यटकाबरोबर त्याची गाडीही आली. त्याच काळात, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आणि जून २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिमनी बाजारात आली. ‘फोर बाय फोर’ ही शेतकरी, वनखाते आणि लष्कराची गाडी राहिली नाही. ती शहरी हौसेची गाडी झाली.

हा छंद नवा आहे का?

मुळीच नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आजच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. लष्कराच्या लिलावातली ‘डिस्पोजल’ जीप घ्यायची, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग शोधायचे आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून ती उभी करायची, ही हौस जुनीच. १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली आणि हलक्या गाडीचा नवा पर्याय मिळाला. फरक इतकाच, की तेव्हा मोडलेली गाडी चालती करण्यासाठी बदल होत. आता शोरूममधून आलेली, चाचण्यांतून पास झालेली गाडी पहिल्याच महिन्यात बदलली जाते.

कोणते बदल होतात आणि त्यांचा उपयोग काय?

पहिला बदल टायरचा. थारच्या काही प्रकारांत कंपनी २५५/६५ आर १८ आकाराचे टायर देते. त्यांचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. त्याजागी ३३ इंची टायर बसवले तर व्यास ८३८ मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे सहा टक्के जास्त. गाडी जमिनीपासून अडीच सेंटिमीटर उंच होते; पण वेगमापक ८० दाखवत असताना खरा वेग ८५ असतो. चाक जड झाल्याने ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअरवरचा ताणही वाढतो.

दुसरा बदल ‘लिफ्ट किट’चा. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलून गाडी उंच केली जाते. खडकातून जाताना पोट घासत नाही, हा फायदा. मात्र गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. थारला २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत चार तारे मिळाले, ते कंपनीतून निघालेल्या गाडीला. उंच केलेल्या गाडीला ते लागू आहेत, असे मानता येत नाही.

तिसरा स्नॉर्केल. इंजिनाला लागणारी हवा बोनेटच्या वरून घेणारी ही नळी. धुळीत आणि ओढ्यात ती कामाची. पण ती दरवाजे, वायरिंग किंवा गिअरबॉक्स पाण्यापासून वाचवत नाही. कंपनी थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगते. लाटा येणाऱ्या समुद्राला हा आकडा लावणे धोक्याचे.

चौथा लोखंडी बंपर आणि विंच. चिखलातून स्वतःला ओढून काढायला विंच उत्तम, पण दोर अडकवायला समोर झाड किंवा दुसरी गाडी हवी. मोकळ्या किनाऱ्यावर दोन्ही नसतात. उलट या दोन्हींचे मिळून शंभर किलोच्या घरात जाणारे वजन पुढच्या चाकांवर येते आणि वाळूत तीच आधी बुडतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. सीएनजी-एलपीजीसारखे इंधनबदल किंवा दिव्यांग चालकांसाठीचे बदल यांना कायद्यात वेगळी वाट आहे. हौसेच्या बदलांना तशी नाही.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ‘प्रत्येक बदलासाठी’ पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. टायर, बंपर, दिवे आणि सायलेन्सर असे चार बदल असतील तर हिशेब चौपट होतो. आवाज करणारा सायलेन्सर कलम १९० खालीही येतो. लोखंडी ‘बुल बार’विरुद्ध तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे पत्र पाठवले होते. पादचाऱ्याला जास्त इजा होते, शिवाय धडकेचा जोर शोषणाऱ्या भागांवर आणि एअरबॅग उघडण्यावर परिणाम होऊ शकतो, हे त्यामागचे कारण.

ही कलमे केवळ कागदावर आहेत असेही नाही. २०२३ च्या सुरुवातीला श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयाने थारमध्ये बदल करणाऱ्या एका मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले.

‘किनारा म्हणजे रस्ता नाही’ हा बचाव चालेल का?

चालण्याची शक्यता कमी. कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत रस्त्याबरोबरच लोकांना जाण्याचा हक्क असलेली इतर जागाही येते. म्हणजे परवाना, विमा, बेदरकार चालवणे या सगळ्या तरतुदी वाळूवरही लागू होऊ शकतात. जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा येथे समुद्रात उतरवलेल्या दोन थार अडकल्या, तेव्हा चालकांवर गुन्हा नोंदवला गेला. गोव्याने तर ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने किनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई करून पाच ते ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला.

मग कोणते बदल चालतात?

नोंदणीतला तपशील बदलतो का, हा सोपा निकष. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीनेच दिलेल्या आकाराचे टायर, रबरी मॅट, टायरची हवा कमी करण्याचे साधन, छोटा कॉम्प्रेसर, ओढण्यासाठीचा लवचिक दोर, फावडे, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या यांनी गाडीचा तपशील बदलत नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते. कंपनीच्या अधिकृत यादीतील अॅक्सेसरी तुलनेने सुरक्षित, पण बिल जपून ठेवलेले बरे. ‘दुकानात उघड मिळते म्हणजे कायदेशीर आहे’ हा समज मात्र चुकीचा. विकणे आणि रस्त्यावरच्या गाडीला बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विमा मिळतो का?

इथे हौस सर्वांत महाग पडू शकते. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते. न कळवलेल्या बदलामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला भरपाई मिळाली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते. शिवाय इंजिनात पाणी शिरल्याचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही; त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते आणि मुद्दाम समुद्रात नेलेल्या गाडीला तेही मिळेलच असे नाही.

एवढी ताकद असून गाडी रुतते कशी?

वाळूत ताकदीपेक्षा वजन आणि टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श महत्त्वाचा. टायरमधली हवा ३० पीएसआयवरून १५ ते १८ पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेत विभागले जाते. ही युक्ती लाखभर रुपयांच्या सामानापेक्षा जास्त काम करते आणि तिला खर्च जवळपास शून्य. हवा तशीच ठेवून अॅक्सिलरेटर दाबला की चाक जागेवर फिरते, खड्डा करते आणि गाडी पोटावर बसते. (रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरणे तितकेच आवश्यक.)

किनाऱ्याची वाळू वाळवंटासारखी नसते. ओली वाळू वरून टणक दिसते, पण खाली पाणी असते. गाडी उभी राहिली आणि लाट चाकाभोवती फिरली की चाकाखालची वाळू निघून जाते.

त्यात भरतीची भर. अलिबागकरांना हे सांगावे लागत नाही; कुलाबा किल्ल्यात चालत गेलेला माणूस वेळ चुकला की अडकतो. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली ढोबळ रीत अशी : तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. एकादशीला ११ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग.

पाणी एकसारखे चढत नाही, हेही महत्त्वाचे. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मे पाणी चढते. समजा, त्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक आहे आणि किनाऱ्याचा उतार ५० मीटरला एक मीटर आहे. तर त्या दोन तासांत पाण्याची कड १०० मीटर आत येते. रुतलेली गाडी काढायला तासभर सहज जातो. ओहोटीला ‘पाणी लांब आहे’ म्हणून खाली उतरवलेली गाडी अशीच पाण्यात सापडते. वाचली तरी खारे पाणी ब्रेक, वायरिंगचे जोड आणि चॅसिस पोखरत राहते.

किनाऱ्याचे काय बिघडते?

किहीमचे नाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे. सालिम अली यांनी १९३० मध्ये इथे मुक्काम असताना सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि प्रत्येक मादीने घरटे पसंत केल्यावर पुढचे हाती घेतो, हे त्यांनी इथल्याच निरीक्षणातून मांडले. गावाचे हे वैभव शांततेतून आले आहे.

वाळूचे उंचवटे आणि त्यांवरच्या वेली समुद्राची धूप रोखतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील वर्गात आहेत आणि सक्रिय टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई आहे. चाकाखाली वेली उपटतात, खेकड्यांची बिळे दबतात. रायगडच्याच दक्षिणेला दिवेआगर, हरिहरेश्वर भागात समुद्री कासवे अंडी घालतात. तिथे चाकोऱ्यांत पिल्ले अडकण्याचा धोका वेगळा. आणि किनारा हे मच्छीमारांचे कामाचे ठिकाण आहे. जाळी वाळत घातलेल्या, होड्या ओढलेल्या वाळूवर वेगात येणारी दोन टनांची गाडी हा त्यांच्यासाठी छंदाचा विषय नाही. रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर, बैल आणि दहा माणसे मात्र त्याच गावातून लागतात.

मग हौस भागवायची कुठे?

बदललेली गाडी वाहनावर लादून खासगी जागेत किंवा परवानगी घेतलेल्या स्पर्धेत नेणे, ही जगभरची पद्धत. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ होते. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेची ही भारतीय आवृत्ती. तिथल्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात. ज्यांची एकच गाडी आहे आणि ती सोमवारी कार्यालयातही न्यायची आहे, त्यांच्यासाठी प्रशिक्षण हा पहिला खर्च असावा. इगतपुरीला महिंद्रची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी सुरू झाली, ती याच गरजेतून. उतारावर ब्रेक कधी सोडायचा, दोर कुठे अडकवायचा, दुसरी गाडी सोबत का हवी, हे तिथे शिकता येते.

किहीमला जाणाऱ्या चालकासाठी यातून निघणारा हिशेब सोपा आहे. गाडी पार्किंगमध्ये, माणसे वाळूवर. बदल करायचाच असेल तर गॅरेजला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन फोन करावेत : एक आरटीओला, दुसरा विमा कंपनीला. दोघांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर तो बदल रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही.