केशवरावांची धार गेली होती काय?

केशवराव जेध्यांचे नाव भोर-वेल्ह्याच्या मुलखात निघाले म्हणजे मंडळींचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, असा बोलणारा पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, ते सगळे १९३० पूर्वीचे. पुढे केशवराव काँग्रेसवासी झाले आणि त्यांची जीभ बोथट झाली, वाघाने गवत धरले. हा वाद ब्राह्मणेतर चळवळीइतकाच जुना आहे आणि केशवरावांच्या हयातीतच तो सुरू झाला होता. १९५९ साली केशवराव वारले, तरी वाद काही वारला नाही.

मेलेल्या माणसाची उणीदुणी काढण्याची आम्हांस हौस नाही. पण हल्ली बहुजनसमाजाच्या नावाने बोलणारांचा मोठा सुकाळ झाला आहे. पूर्वी व्याख्यान ऐकायचे तर शिदोरी बांधून पुण्याला जावे लागे. आज गुंजवणीच्या खोऱ्यात म्हशी वळणाऱ्या पोराच्या कानातही मोबाइलवरचा वक्ता दिवसभर गर्जत असतो. यांतला धारेचा कोण आणि नुसता खडखडाट करणारा कोण, हे ओळखायला माप हवे. ते माप केशवरावांच्या चरित्रात सापडते, म्हणून हा प्रपंच.

जेध्यांचे मूळ गाव कारी, भोर तालुक्यातले. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे ते याच घराण्याचे. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा विजापूरची फर्माने मावळच्या देशमुखांना सुटली होती. खानाला मिळावे तर वतन राखावे, न मिळावे तर वतन आणि मुंडके दोन्ही गमवावे, असा प्रसंग. कान्होजींनी शिवाजी महाराजांपुढे हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले, असे मावळात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आमच्या मते धारेचे माप हेच. शब्द किती तिखट, हे माप नव्हे. बोलणाऱ्याने कशावर पाणी सोडले, त्याचा घाव बळवंतावर पडला की दुबळ्यावर, आणि ऐकणाऱ्याला त्याने काही करायला लावले की नुसत्या टाळ्या पिटायला लावले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांत जो उतरेल तो धारेचा.

आता या मापाने केशवरावांना मोजू.

१९२२ साली पुण्यात जेध्यांच्या पुढाकाराने छत्रपती मेळा निघाला. त्या वेळी आकाशवाणी नव्हती. पुण्याचे केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. मेळा आणि सत्यशोधक जलसा हीच गरिबांची आकाशवाणी होती. गणेशोत्सवात टिळकपंथी मेळे आपली पदे म्हणत आणि तेच सर्व समाजाचे मत म्हणून गणले जाई. छत्रपती मेळ्याने त्याच रस्त्यावर, त्याच दिवसांत, दुसरी बाजू गाऊन दाखविली. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना राजकारण कानाने कळू लागले. शुक्रवार पेठेतला जेध्यांचा वाडा चळवळीचे ठाणे बनला. घरचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. गल्ला मोजीत बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण तो पैसा चळवळीच्या कामी लागला. म्हणजे पाणी सोडण्याची रीत कारीहून पुण्यास आली होती.

१९२५ साली केशवराव पुण्याच्या नगरपालिकेत होते. जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारावा असा ठराव त्यांनी आणला. ज्या शहरात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, त्याच शहराच्या नगरपालिकेने तो ठराव मान्य केला नाही. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले, प्रकाशक केशवराव. टिळक-चिपळूणकरांवर त्यात जे लिहिले होते त्यावरून खटला झाला आणि शिक्षाही झाल्या. १९२६ साली वरच्या कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि मंडळी सुटली. धारेचा काळ म्हणून जो सांगतात तो हाच.

पण आमचा सवाल येथेच आहे. हा काळ सर्वांत धारेचा होता की सर्वांत आवाजाचा?

१९२७ साल पाहा. महाडला चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाण्याचा हक्क बजावला आणि पुढच्या सत्याग्रहाची तयारी चालली होती. जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण एक अट घातली: सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये. ज्या बाबासाहेबांनी वर्षापूर्वीच त्यांना कोर्टातून सोडविले होते, त्यांनीच ‘बहिष्कृत भारता’तून ही अट साफ नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, आमचे भांडण ब्राह्मण माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे. उच्चनीचतेची बुद्धी ब्राह्मणात असते तशी ब्राह्मणेतरातही असते, आणि ती टाकून जो येईल तो आमचा.

वाचकहो, हे उत्तर नीट समजून घ्या. महाडच्या तळ्यावर अस्पृश्यांच्या अंगावर काठ्या घेऊन धावले ते काय एकटे ब्राह्मण होते? बहुजनांतलेच स्पृश्य त्यांत होते. तेव्हा खरी धार असती तर ती आधी आपल्या गावकीच्या दंडेलीवर पडती. आपल्या विहिरीवर, आपल्या देवळाच्या पायरीवर पडती. तसे न होता ती पुण्याच्या पेठेतच फिरत राहिली. छत्रपती मेळ्यातील काही पदे बायकांच्या अब्रूवर घसरतात, असा आरोप तेव्हाच झाला होता आणि तो सर्वस्वी खोटा होता असे आम्हांस म्हणवत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या चळवळीला ते शोभले नाही. घाव बळवंतावर पडला पाहिजे हे आपले दुसरे माप. दुसऱ्याच्या घरातली बाई ही काही बळवंत नव्हे.

म्हणून १९३० पूर्वीचे केशवराव पूर्ण धारेचे आणि नंतरचे बोथट, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. पहिल्या काळात पाते लखलखीत होते, पण ते नेहमीच योग्य ठिकाणी पडत नव्हते.

आता १९३० नंतरचे पाहू. ब्राह्मणेतर पक्षातली वडील मंडळी सरकारच्या आश्रयाने चालली होती. भास्करराव जाधवांसारखे विद्वान सत्यशोधक द्विदल राज्यपद्धतीत मंत्री झाले. त्यांचे काम थोडे नव्हे. मागासलेल्यांना शिक्षण आणि नोकऱ्या मिळाव्यात ही त्यांची खटपट खरी होती. पण सरकारच्या सावलीत उभे राहून शेतसाऱ्याविरुद्ध किती मोठ्याने ओरडता येणार? केशवरावांनी ती सावली सोडली. ते कायदेभंगात उतरले, तुरुंगात गेले आणि काकासाहेब गाडगिळांसारख्या ब्राह्मणाच्या खांद्याला खांदा लावून काँग्रेस खेड्यात नेऊ लागले. जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना फितूर म्हटले. तीन वर्षांपूर्वी जो माणूस सत्याग्रहात ब्राह्मण नको म्हणत होता, तो आता ब्राह्मणाबरोबर तुरुंगाची वाट चालत होता. याला बोथट होणे म्हणावे की शहाणे होणे म्हणावे? आम्ही शहाणे होणेच म्हणू. शब्दांतला तिखटपणा उतरला हे खरे, पण मावळातला शेतकरी प्रथमच साम्राज्याच्या समोर उभा राहिला. शेटजी-भटजींची म्हणून जी काँग्रेस ओळखली जाई, तिच्या प्रांतिक अध्यक्षपदावर कारीच्या जेध्यांचा वंशज बसला, हेही याच वाटेने घडले.

केशवरावांचा सर्वांत धारेचा क्षण मात्र याच्याही पुढचा. १९४७ साल उजाडले. स्वराज्य दाराशी आले. ज्यांनी तुरुंग पाहिला नव्हता तेही खादी शिवून खुर्चीच्या रांगेत उभे राहिले. नेमक्या त्या घडीस केशवराव, शंकरराव मोरे आणि त्यांचे साथी यांनी काँग्रेसमध्येच शेतकरी-कामकऱ्यांचा संघ बांधला आणि त्यातून शेतकरी कामगार पक्ष निघाला. शेतकऱ्याकडून धान्य सक्तीने वसूल होते, त्याच्या घामाचा भाव दुसराच ठरवितो, कुळाला जमीन मिळत नाही, हे त्यांनी आपल्याच राज्यकर्त्यांना सुनावले. सत्ता मिळण्यापूर्वी सरकारवर बोलणे सोपे. सत्ता घरात आल्यावर घरच्यांवर बोलणे अवघड. हीच वतनावर पाणी सोडण्याची दुसरी वेळ. १९४८ साली भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन पंतसचिवांचा अंमल उठला, त्याच दिवसांत हा पक्षही स्वतंत्रपणे मैदानात आला. भोरच्या रयतेला एका वेळी दोन गोष्टी कळल्या: जुना धनी गेला, आणि नव्या धन्यालाही प्रश्न विचारता येतो.

मग धार गेलीच नाही काय? गेली. ती कोठे गेली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे पोवाडा होईल.

१९५० साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाचा कार्यक्रम स्वीकारला. केशवरावांचे मन त्यात रमले नाही. भांडणे झाली, फाटाफूट झाली आणि १९५४ साली केशवराव काँग्रेसमध्ये परतले. परतण्याला आमचा आक्षेप नाही. माणूस वाट बदलतो. पण परतताना शेतकऱ्याच्या कोणत्या मागण्या पदरात पाडून घेतल्या, हा सवाल उरतोच. १९३० साली ते आत गेले ते बहुजनांना घेऊन आणि आतली व्यवस्था बदलण्यासाठी. १९५४ साली ते गेले तेव्हा बाहेर दुसरे घर उरले नव्हते म्हणून. मंत्रिपदाच्या लोभाने गेले असे कोणी म्हणू नये. तशी खुर्ची त्यांना मिळाली नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली तिच्या उभारणीत ते पुढे होते, हेही विसरू नये. तरी सालोसाल शेतकऱ्याच्या बाजूने सरकारला टोचणारा जो आवाज हवा होता, तो मंदावला.

याचे कारण आमच्या मते एकच. केशवरावांपाशी पाते होते, सहाण नव्हती. जोतीरावांची सहाण पक्की होती: शूद्र, अतिशूद्र आणि स्त्री या तिघांचे दुःख एक आहे, ही ती सहाण. तिच्यावर रोज घासले तर पाते शत्रू बदलला तरी धारेचे राहते. केशवरावांनी पाते शत्रूवर घासले. आधी पुण्याची भटशाही, मग इंग्रज, मग काँग्रेसमधला धनिक. शत्रू समोर होता तोवर ठिणग्या उडत. शत्रू हरला किंवा आपल्याच पंगतीत येऊन बसला की पात्याला घासायला काही उरेना. हा दोष त्या एकट्याचा नव्हे. साऱ्या ब्राह्मणेतर चळवळीचा आहे. सत्ता ब्राह्मणाकडून बहुजनाकडे आली, तेव्हा बहुजनांतल्या थोरल्या घरांनी ती उचलली आणि धाकट्यांना सांगितले की आता आपलेच राज्य आहे, गप्प बसा.

त्या ‘आपल्या राज्या’त भोर-वेल्ह्याला काय मिळाले ते पाहा. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, आनंद आहे. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव, पानशेतला तानाजीसागर, वरसगावला वीर बाजी पासलकरांचे. नावे सगळी मावळ्यांची. पाणी मात्र भाटघरचे नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला जाते, आणि पानशेत-वरसगावचे खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना. ज्यांच्या खाचरांवर ही धरणे उभी राहिली त्यांच्या वरच्या वाड्या उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर उतरतात. भाटघर इंग्रजाने १९२८ साली पुरे केले. पण पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही स्वराज्यातली. येथे दोष द्यायला पुण्याचा भट पुरणार नाही. गेली कित्येक वर्षे निर्णय करणारे बहुजनच आहेत. भोर, वेल्हे आणि मुळशीचा मतदारसंघ लोकसभेला बारामतीत मोडतो, म्हणजे पाणी पिणारा आणि पाणी देणारा एकाच पेटीत मत टाकतात.

हल्लीच्या वक्त्यांना आमचे हेच विचारणे आहे. तुम्ही अडीचशे वर्षांपूर्वीच्या पेशव्यावर तासभर गर्जता, ठीक आहे; इतिहास सांगितलाच पाहिजे. पण तुमच्या व्यासपीठाचा खर्च जो करतो, त्याच्या कारखान्यावर, त्याच्या बँकेवर, त्याने घेतलेल्या डोंगराच्या जमिनीवर तुमचा एक शब्द का पडत नाही? गावच्या बौद्धवाडीला रस्ता नाही, कातकऱ्याच्या झोपडीखालची जमीन त्याच्या नावावर नाही, वारसपत्रकातून लेकीचे नाव सह्या घेऊन कमी केले जाते. यावर बोललात तर समोरच्या टाळ्या थांबतील. थांबू द्या. ज्या वाक्यावर आपलीच माणसे अस्वस्थ होतात, ते वाक्य धारेचे समजावे.

तेव्हा भोर-वेल्ह्याच्या तरुणांनो, केशवराव वाघ होते की मांजर, हा वाद पुरे करा. ते माणूस होते आणि पुष्कळांपेक्षा मोठे होते. दोनदा त्यांनी वतनावर पाणी सोडले, एकदा नेम चुकला, शेवटी हात थकला. तुमच्या गावी जो कोणी बहुजनांच्या नावाने बोलायला येईल त्याला हार घालण्यापूर्वी विचारा: बाबा, तू कशावर पाणी सोडलेस? आणि आमच्या धरणाच्या पाण्याचे काय? उत्तर आले तर ऐका. न आले तर हार परत घेऊन या. घरी म्हसोबाला घालता येईल.